आजी औंधची, मग आटपाडी सांगलीत कशी?

प्रश्न : माझी आजी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीची, पण कुणी विचारलं की "आम्ही औंधचे" म्हणायची. औंध तर साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. नुकतंच तिथलं संग्रहालय पाहून आलो. एवढ्याशा गावात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प कसं काय? आणि इथल्या राजाने स्वातंत्र्याआधीच राज्य सोडलं होतं, हे खरं का? – एक वाचिका, चिंचवड

उत्तर : आजीचं बरोबरच होतं. (औंध म्हटलं की पुण्यातलं औंध डोळ्यांपुढे येणारे पुष्कळ भेटतात, तुम्ही त्यातल्या नाही हे बरं झालं.) पंतप्रतिनिधी घराण्याचं औंध संस्थान ७२ गावांचं, पण सलग नव्हे. औंध इकडे, आटपाडी पार माणदेशात, कुंडल कृष्णाकाठी आणि गुणदाळ तर विजापूरकडे. मधला मुलूख दुसऱ्यांचा. त्यामुळे आटपाडीच्या माणसाचं कचेरीचं काम औंधच्या दरबाराकडे, आणि गदिमांसारखा माडगूळचा मुलगा शिकायला औंधात.

शिल्पाचं कोडं राजाच्या स्वभावात आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावायचे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही त्यांनी हातभार लावला. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथेच आहे, तीही पाहिली असेलच. छंदी राजे पुष्कळ झाले. पण छंदापायी जमवलेलं दालनात मांडून लोकांना खुलं करणारे किती? त्यांच्याच मदतीने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, ती आजची किर्लोस्करवाडी.

आता राज्य सोडण्याचं. 'सोडलं' म्हणण्यापेक्षा 'वाटून दिलं' म्हणा. राजाचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर, दोघे गांधीजींकडे गेले, मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाला स्वराज्याची घटना मिळाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, तिथून वर विधिमंडळ. म्हणजे सत्तेची सुरुवात चावडीपासून. सगळ्या देशाला मतदानाचा हक्क मिळायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट! आपल्याकडे हे सगळं 'दयाळू राजाची गोष्ट' म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. राजाने दिलं हे खरंच, पण पुढे पंचायत चालवायची, भांडणं मिटवायची, हिशेब ठेवायचे, हे गावच्या लोकांनी केलं. त्यांची नावं कुठल्याही दालनात नाहीत.

आटपाडीची म्हणून एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. फ्रीडमनच्याच डोक्यातून तिथे १९३९ साली स्वतंत्रपूर वसलं : खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, भिंत नाही, बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा गदिमांची. माणदेशातलीच गोष्ट, माणदेशच्याच माणसाने सांगितली.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं. औंध साताऱ्यात राहिलं, आटपाडी आणि कुंडल पुढे सांगलीकडे गेले, गुणदाळ कर्नाटकात. आजीने पत्ता बदलला नाही, एवढंच. पौषात यमाईची यात्रा भरते, तेव्हा औंधला पुन्हा या. संग्रहालयात एकदा गर्दीशिवाय फिरून झालंय, आता गाव भरलेलं बघा. आणि जमलं तर त्याच फेरीत आटपाडीकडे वळा, स्वतंत्रपूरची वसाहत अजून आहे.