एका पाळीत दोन चाली

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ११. बुद्धिबळाच्या साध्या डावात तोच जिंकतो, म्हणून सुट्टीत दोघांनी नवा खेळ काढला. पाळी आली की दोन चाली करायच्या. परवा त्याने पहिल्या चालीत शह दिला आणि दुसऱ्या चालीत राजाच उचलला! ती रडकुंडीला आली. अशा खेळाला काही खरे नियम आहेत का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आहेत, आणि चांगले शंभर वर्षांचे जुने आहेत. मार्सेलिस म्हटले की आपल्याला सावरकरांची उडी आठवते. त्याच शहरातल्या एका वर्तमानपत्रात १९२५ साली या खेळाचे नियम छापून आले. आलेखिनसारखा जगज्जेताही तो खेळला.

तुमच्या घरातल्या भांडणाचे उत्तर त्या नियमांतच आहे. पहिल्या चालीत शह दिला की पाळी संपते, दुसरी चाल मिळत नाही. ज्याला शह बसला त्याने आपल्या पहिल्याच चालीत तो चुकवायचा. तसे जमत नसेल, तर मात. दोन चालींच्या मध्येसुद्धा आपला राजा शहात ठेवता येत नाही.

आणखी एक दुरुस्ती आजच करा : पांढऱ्याने अगदी पहिल्या पाळीत एकच चाल करायची. याचे कारण मला फार आवडते. तुमच्या मुलांच्या नियमाने पांढऱ्याने घोडा बाहेर काढून त्याच पाळीत परत घरात ठेवला तर पट जसाच्या तसा राहतो आणि पाळी काळ्याची येते. म्हणजे नंतर खेळणाऱ्याकडे जिंकायची हमखास युक्ती असतीच, तर पांढऱ्याने घोडा फिरवून तीच उचलली असती. म्हणून अचूक खेळणारा पांढरा तिथे कधीच हरत नाही. एका चालीत घोडा परत येत नाही, आणि ही पळवाट बंद होते.

आता मुलीसाठी. घरी दर शनिवारी येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा खेळ देतो, तेव्हा साध्या डावात मुरलेली मुलेच आधी गडबडतात, कारण जोर, म्हणजे मारणाऱ्याला उलट मारायला मागे उभे असलेले आपले मोहरे, या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास मोडतो. समजा, काळ्याचे प्यादे डी५ या घरात आहे आणि ई६ च्या प्याद्याचा त्याला जोर आहे. साध्या डावात सी३ चा घोडा त्याला हात लावणार नाही. इथे तो प्यादे मारतो आणि त्याच पाळीत सी३ ला परततो. जोर असून प्यादे फुकट गेले! मुलीला एवढे एकच दाखवा : मारून परत घरी येता येते का, ते आधी बघ. भावाची साध्या डावाची सवय इथे त्याच्याच आड येईल.

चढत्या चालींचाही एक प्रकार आहे : पांढऱ्याची एक, काळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या तीन. पण तिथे पांढऱ्याने राजापुढचे प्यादे ई४ ला नेल्यावर काळा बेसावध राहिला, तर पांढऱ्याच्या तीन चाली : उंट सी४, वजीर एच५ आणि वजिराने एफ७ चे प्यादे मारून मात! तो थोडा नंतर द्या.

पहिली चाल झाली की दुसरी, हा हिशेब मुले विसरतात. आमच्याकडे पटाशेजारी एक नाणे असते. पहिली चाल केली की ते उलटायचे, दुसरी केली की सुलटे करून समोरच्याकडे सरकवायचे.