हॉट डॉगवरचा कोनी सॉस घरी करायचाय? मग खिमा परतू नका

घरी केलेला कोनी सॉस (म्हणजे हॉट डॉगवर ओततात तो खिम्याचा बारीक, मसालेदार सॉस) खिमा पावसारखा का झाला, हा तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं कारण इथे मिशिगनमध्ये आलेल्या बहुतेक मराठी घरांत हे एकदा तरी झालेलं असतंच. बॅकयार्डमध्ये पंचवीस माणसं, त्यातली निम्मी बीफ न खाणारी, डब्यातला चिली सॉस गोडमिट्ट लागला म्हणून घरी करायला घेतला, नेहमीसारखं कांदा, आलं लसूण, खिमा परतून केला आणि नवरा म्हणाला हा तर खिमा पाव झाला, वर गुठळ्या बनमधून टपाटप खाली. चव वाईट नव्हती म्हणताय ना, नसणारच, पण तो सॉस नाही. खिम्यात आपल्याला दाणा दाताखाली यायला हवा असतो, इथे उलट, दाणा इतका बारीक पाहिजे की सॉस हॉट डॉगला चिकटून राहील आणि चावताना सॉसेजची साल कट्कन तुटलेली कळेल. बाकी मसाले पुढेमागे झाले तरी चालतं, पोत चुकला की संपलं.

तर मुख्य गोष्ट आधी सांगते. मांस गरम तेलात टाकायचंच नाही. कच्चा खिमा मोठ्या पातेल्यात घ्या, त्यावर थंड पाणी ओता (फ्रिजमधलं थंड, कोमट नको) आणि गॅस लावायच्या आधी हाताने नाहीतर व्हिस्कने तो पाण्यात पूर्ण मोडा, म्हणजे गढूळ गुलाबी पाणी दिसेपर्यंत. दिसायला अजिबात छान दिसत नाही, मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर पाठवा. पण त्यामागे कारण आहे. तापलेल्या भांड्यात खिमा पडला की त्यातलं प्रोटीन लगेच आकसतं आणि कण एकमेकांना धरून बसतात, मग कितीही मॅश करा त्या बारीक गोळ्या राहतातच. थंड पाण्यात कण आधी सुटे होतात आणि मग हळूहळू शिजतात. भाजल्याचा खमंगपणा थोडा जातो हे खरं, पण मसाले आणि मंद आच तो बराच भरून काढतात, आणि हॉट डॉग स्वतः तव्यावर खरपूस होतोच की.

इथल्या जुन्या कोनीवाल्यांच्या सॉसचा पोतही असाच बारीक असतो. हे सगळे ग्रीक आणि मॅसेडोनियन लोक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमार्गे आले आणि कारखान्यांच्या गावांत पोटभरीचं स्वस्त खाणं विकायला बसले. डेट्रॉइट डाउनटाउनला लफायेट बुलेवार्डवर अमेरिकन कोनी आयलंड आणि लफायेट कोनी आयलंड अशी दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, केरोस नावाच्या दोन भावांनी सुरू केलेली, अमेरिकनवाले आपलं साल १९१७ सांगतात. कुठलं चांगलं यावरून इथे घरं फुटतात, मी लफायेटच्या बाजूची, यावर वाद घालायचा असेल तर वेगळा घालू. मिशिगनमधल्याच जॅक्सन गावचे लोक म्हणतात आम्ही १९१४ पासून विकतोय, डेट्रॉइटवाले कोण लागून गेले.

हे सांगायचं कारण असं की तुम्ही "कोनी सॉस" म्हणून रेसिपी शोधायला गेलात की चार भलत्याच गोष्टी समोर येतात आणि लोक त्यांची मिसळ करतात. डेट्रॉइटचा सॉस ओलसर, चमकदार, चमच्याने ओतता येईल असा. मिशिगनमधल्याच फ्लिंट गावचा जवळपास कोरडा, भुरभुरीत, त्यात बीफचं हृदय अगदी बारीक दळून घालतात आणि खाली तिथल्याच कोगेल कंपनीचा हॉट डॉग लागतो, त्यावर फ्लिंटकर तडजोड करत नाहीत. ओहायोतल्या सिनसिनाटीचा अजून वेगळा, त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, तो किराजिएफ बंधूंनी १९२२ मध्ये एम्प्रेस नावाच्या दुकानात सुरू केला आणि तो लोक स्पॅगेटीवरही खातात, हॉट डॉगवर घालून वर चीजचा डोंगर करतात. र्‍होड आयलंडवाले वर सेलरी सॉल्ट भुरभुरवतात. एकातही राजमा नाही!! डब्यातल्या चिलीत बीन्स असतात तो वेगळा पदार्थ, तो वाटीत घेऊन खायचा. तुमच्या पार्टीला डेट्रॉइटचाच करा, पातळ असल्यामुळे टर्कीवरही जमतो, फ्लिंटचा टर्कीचा केलात तर भुसा खाल्ल्यासारखं होईल.

आता मापं. २ पाउंड खिम्याचा साधारण ५ कप सॉस होतो आणि एका हॉट डॉगला ३ टेबलस्पून पुरे, म्हणजे पंचवीसेक निघतात. पण पंचवीस माणसं म्हणजे पंचवीस हॉट डॉग नव्हेत, मोठी माणसं दोन खाणारच, म्हणून २ पाउंडांची दोन पातेली लावा, एक बीफचं, एक टर्की नाहीतर बकऱ्याचं. डाव, पळ्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा, आयत्या वेळी एकाचा डाव दुसऱ्यात गेला की न खाणारे पाहुणे अवघडतात आणि बोलतही नाहीत.

बीफचं आधी. ८०/२० म्हणून मिळतो (८० टक्के मांस, २० टक्के चरबी) तोच घ्या, ९३ टक्केवाला डाएटचा नको. बुचरकडून घेणार असाल तर दोनदा दळून द्यायला सांगा, पॅकेटचा असेल तर फूड प्रोसेसरमध्ये दोनतीन झटके, पेस्ट करू नका. २ पाउंडाला ४ कप थंड पाणी. मोडून झालं की मध्यम आच, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, वर मळी येईल ती झाऱ्याने काढा. मग एक मध्यम कांदा किसून, ३ पाकळ्या लसूण, २ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, १ टेबलस्पून पिवळी मस्टर्ड, १ टेबलस्पून व्हिनेगर, १ टेबलस्पून पॅप्रिका, १ टीस्पून मिरेपूड, दीड टीस्पून मीठ (हॉट डॉगच खारट असतो, मीठ शेवटी चाखून वाढवा) आणि ३ टेबलस्पून अमेरिकन चिली पावडर.

या चिली पावडरपाशी थांबा जरा. दुकानात मिळते ती आपलं लाल तिखट नव्हे, त्यात मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो, लसूण सगळं मिसळलेलं असतं. रेसिपीत ३ टेबलस्पून लिहिलंय म्हणून कुणी घरचं लवंगी मिरचीचं तिखट ३ टेबलस्पून घातलं तर शेजाऱ्यांची मुलं रडतील. मिश्रण नसेल तर एक ते दीड टेबलस्पून बेडगी किंवा काश्मिरी, २ टीस्पून जिरेपूड, १ टीस्पून ओरेगॅनो, अर्धा टीस्पून गार्लिक पावडर असं करा. आलं नको, हळद नको, गरम मसाला तर अजिबात नको. एक चिमूट दालचिनी आणि एका लवंगेची पूड घातली तर ग्रीक वास येतो, तेवढीच, जास्त झाली की बिर्याणीची आठवण येते.

मग झाकण न घालता मंद आचेवर दीड ते दोन तास. मधूनमधून पावभाजीच्या मॅशरने दाबत राहा, या कामाला त्याच्याइतकी चांगली वस्तू अमेरिकन किचनमध्ये नाही. वर लाल तवंग येईल, सगळा काढू नका, चमक त्याचीच असते, अर्धा काढलात तरी बास. शेवटच्या वीस मिनिटांत ८-१० सॉल्टीन क्रॅकर अगदी पीठ करून भुरभुरवत घाला, ते पाणी धरून ठेवतात आणि सॉस तेलाशी फुटून वेगळा होत नाही. क्रॅकर पडल्यावर मात्र तळाला लागतो, तिथून हलू नका. डाव तळावरून ओढला की रेघ क्षणभर दिसून मिटली पाहिजे. रेघ तशीच राहिली तर जास्त आटला, थोडं गरम पाणी घाला.

टर्कीचा करताना काही गोष्टी बदला. ब्रेस्टचा पांढरा खिमा घेऊ नका, तो शिजून खडूसारखा होतो, मांडीचा, डार्क मीटवाला घ्या आणि २ टेबलस्पून तेल घाला कारण त्याला स्वतःचा तवंग फारसा येत नाही. पाणी ३ कप पुरे आणि वेळही पाऊण तास, एक तास, त्यापुढे ओढू नका. पॅप्रिका थोडी जास्त, रंग येत नाही नाहीतर.

बकऱ्याचा खिमा डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्न किंवा हॅमट्रॅमकच्या हलाल दुकानात चांगला मिळतो, हाडाचे बारीक तुकडे येतात कधीकधी, तेव्हा समोर दळून घ्या. चव मला तरी टर्कीपेक्षा कितीतरी आवडते, पण एक अडचण आहे, बकऱ्याची चरबी गार होताना पटकन थिजते आणि टाळूला चिकटते, आणि बॅकयार्डमध्ये कुणी गरम गरम खात नाही, सगळे प्लेट हातात घेऊन गप्पा मारतात. म्हणून आदल्या दिवशी करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर जमलेला पांढरा थर काढून टाका आणि तेवढ्याच्या निम्मं साधं तेल घालून गरम करा. हा दोन तास तरी शिजू द्या.

खरं तर तिन्ही सॉस आदल्या दिवशीच करा, मसाला मुरतो. फक्त मोठं पातेलं तसंच गरम फ्रिजमध्ये ढकलू नका, पसरट ट्रेमध्ये ओतून निवू द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅसवर पूर्ण उकळवून, थर्मामीटर असेल तर १६५ डिग्री फॅरनहाइट बघून, मगच स्लो कुकरमध्ये ओता आणि वॉर्मवर ठेवा. थंड सॉस थेट स्लो कुकरमध्ये टाकून "होईल दुपारपर्यंत" हे करू नका, तो फार हळू तापतो आणि मधल्या वेळात जंतूंची चंगळ होते. जुलैच्या उन्हात टेबलावर नुसतं भांडं उघडं ठेवणार असाल तर हवा ९० डिग्री फॅरनहाइटच्या वर असताना एक तास ही मर्यादा धरा.

आता एक गोष्ट जी विचारली नाहीत पण तुमच्या पाहुण्यांसाठी महत्त्वाची. हॉट डॉगवर नॅचरल केसिंग लिहिलं असेल तर ती साल मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याची असते, आणि कोलॅजन केसिंग बऱ्याचदा बीफपासून केलेलं असतं. म्हणजे पुढे मोठ्या अक्षरांत टर्की किंवा चिकन लिहिलंय म्हणून आत बीफ-पोर्क नाहीच असं नाही. मागचं बारीक अक्षर वाचा, शंका असेल तर स्किनलेस घ्या. कट्कन आवाज येणार नाही पण मनाला लागणार नाही. बीफ खाणाऱ्यांसाठी मात्र नॅचरल केसिंगचेच घ्या, आणि तव्यावर मंद आचेवर लोळवत भाजा, खळखळ उकळलेत की साल फुटते आणि आतला रस पाण्यात.

बन भाजायचे नाहीत, वाफवायचे. इडलीपात्रात स्टँड काढून चाळणी ठेवा, बन आडवे लावा, झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे पाणी ठिबकणार नाही, एखादा मिनिट पुरतो. ज्यादा ठेवलेत तर लगदा होतो. रचायचा क्रम असा: बन, हॉट डॉग, सॉस, त्यावर मस्टर्डची एक रेघ, आणि सगळ्यात वर कच्चा पांढरा कांदा, अगदी बारीक आणि भरपूर. केचप मुलांना द्या, मोठ्यांनी मागितला तर ऐकू आलं नाही असं करा. सॉस वाढायचं काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर पहिले दहाजण डावभर घेतात आणि मागच्यांना तळ खरवडावा लागतो. चीज ठेवायचं तर ठेवा, सिनसिनाटीवाले खूश होतील.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय की उरलेले हॉट डॉगच मिक्सरमधून काढून सॉसमध्ये घालायचे, हीच खरी फ्लिंटची सिक्रेट रेसिपी. ही रेसिपी बरीच वर्षं फिरतेय, करून खाल्लीत तर काही बिघडत नाही, पण फ्लिंटच्या सॉसला त्याचा दाणेदार पोत हृदयाच्या मांसाने येतो, सॉसेज दळून नुसता चिकट खारटपणा येतो. ज्यांना बीफ चालतं आणि जे हौशी आहेत त्यांनी २ पाउंडात अर्धा पाउंड हृदय दळून घालून बघा, लॅटिन अमेरिकन किंवा अरब बुचरकडे सहज मिळतं आणि खिम्यापेक्षा बहुतेक स्वस्तच पडतं.

उरलेला सॉस फ्रिजमध्ये तीनचार दिवस, नाहीतर झिपलॉकमध्ये चपटा पसरून फ्रीझरला, दोनतीन महिने चव टिकते. फ्राइजवर घाला, ऑम्लेटमध्ये घाला.

शाकाहारी कुणी आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर सोयाचा चुरा आणि किसलेले मशरूम याच मसाल्यात होतात, फक्त आधी मशरूमचं पाणी तेलावर पूर्ण आटवून घ्यायचं आणि चवीला वूस्टरशर सॉस ओतायचा मोह आवरायचा, त्यात बऱ्याचदा अँकोव्ही मासा असतो. किती जण आहेत ते कळवा, मग त्याचं माप सांगते.