हॉट टबचा सॉल्ट क्लोरिनेटर सारखा ‘लो सॉल्ट’ का दाखवतो?

तुमची अडचण मला कळली ती अशी. कर्जतच्या घरी १,५०० लिटरचा हॉट टब आहे, बोअरच्या पाण्याने भरलेला. सुरुवातीला ३ किलो मीठ टाकलंत. महिनाभराने मशीन (मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारं सॉल्ट क्लोरिनेटर) ‘लो सॉल्ट’, म्हणजे मीठ कमी, म्हणायला लागलं म्हणून आणखी एक किलो टाकलंत, मग पुन्हा एक. तरी तेच, आणि क्लोरीन शून्य. आता अजून मीठ टाकू का?

नका टाकू. आधी हिशेब करा. १,००० लिटर पाण्यात १ किलो मीठ म्हणजे १,००० पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम). ५ किलो भागिले दीड हजार लिटर, म्हणजे ३,३०० च्या वर झाले. टबची बहुतेक मशीनं २,००० च्या आसपास खूश असतात (तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघा). क्लोरीन तयार होताना मीठ संपत नाही, क्लोरीन काम करून पुन्हा मिठातच परत येतं. वाफेबरोबरही मीठ जात नाही. पाणी उपसलं, सांडलं किंवा गळलं तरच मीठ जातं.

मग मशीन खोटं बोलतं का? तसं नाही. ते मीठ मोजतच नाही, दोन प्लेटांमधून करंट किती जातो ते बघतं. करंट कमी झाला की सरळ मिठावर आळ. आणि प्लेटांवर क्षार धरला की करंट कमी होणारच.

आमचा टब लोणावळ्याला, तुंगार्लीत. पहिल्या उन्हाळ्यात मीही हेच केलं, मशीन मागेल तसं मीठ घालत गेलो. शेवटी सेल (मशीनचा प्लेटा असलेला भाग) बाहेर काढून उजेडात धरला तर प्लेटांच्या फटी दिसेनात. पानाच्या डब्यात चुना सुकून बसतो ना, तसा पांढरा थर. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा प्रकार. सेलच्या एका प्लेटवर क्लोरीन होतो, दुसरीवर हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. त्या कॉस्टिकमुळे तिथलं पाणी अल्कधर्मी होतं, त्यात टबची उष्णता, म्हणून बोअरमधलं कॅल्शियम नेमकं तिथेच चिकटतं. मशीन अधूनमधून प्लेटांमधल्या करंटची दिशा उलटवून थर झाडतं, पण आपल्याकडच्या जड पाण्यापुढे ते पुरं पडत नाही.

तेव्हा आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) आणा. आरओ फिल्टरवाले घेऊन येतात तो पेनासारखा चालतो, फक्त ४,००० पर्यंत वाचणारा हवा. टबचा आकडा घ्या, त्यातून बोअरच्या साध्या पाण्याचा आकडा वजा करा. उरलं ते ढोबळमानाने मीठ.

मग सेल धुवा. एमसीबी पाडून सेल काढा, निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी अशा मिश्रणात उभा ठेवा. सोड्याच्या बाटलीसारखं फसफसायला लागेल. फसफस थांबली की थर गेला. एका खेपेत नाही गेला तर मिश्रण बदलून पुन्हा. तारेचा ब्रश किंवा स्क्रू ड्रायव्हर लावू नका, टायटॅनियमवरचा महागडा लेप खरवडला की सेल गेलाच. म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड वापरायचंच असेल तर अगदी पातळ, आणि पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. ॲसिड आणि क्लोरीनची पावडर एका बादलीत कधीही येऊ देऊ नका, विषारी वायू होतो.

सेल स्वच्छ झाला की मशीन बहुधा ‘हाय सॉल्ट’ म्हणेल. माझं म्हटलं होतं, आणि निम्मा टब उपसावा लागला होता. तुमचं एक तृतीयांश पाणी काढून साधं भरलंत तर २,२०० च्या आसपास याल. हे पाणी झाडांना घालू नका. मी सोनचाफ्याच्या मुळाशी सोडलं होतं, पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

सेल स्वच्छ, मीठ बरोबर, पाणी गरम, आणि तरीही ‘लो सॉल्ट’ असेल तर लेप झिजलाय. नवीन सेल.

आमच्या भागात एक ठोकताळा लागू पडतो. एप्रिल-मेमधला ‘लो सॉल्ट’ बहुधा क्षाराचा, कारण पाणी वाफ होऊन उडतं आणि आपण बोअरचं घालत राहतो, जडपणा साठत जातो. जुलैमधला मात्र खरा असू शकतो. झाकण उघडं राहिलं तर पावसाने टब भरून वाहतो आणि मीठ त्याच्याबरोबर जातं.

पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. या यंत्रात तो चढतच राहतो, जेटचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवायची ताकद) ६०-८० पीपीएमवर ठेवली तर जरा हळू चढतो. आठवड्याला दोनदा बघितलं तर क्षारही कमी धरतो.

क्लोरीन ‘शून्य’ म्हणालात ते कशावर बघितलंत? डीपीडी किटमध्ये (क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारं तपासणी किट) क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंगच उडतो आणि शून्य वाटतं. शंका आली तर टबचं थोडं पाणी घेऊन त्यात तेवढंच बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा तपासा, रंग आला तर आकडा दुप्पट धरा. टबला किमान ३ पीपीएम हवाच.

आणि शनिवारी सहा पाहुणे डोक्याला खोबरेल लावून टबमध्ये बसले तर रविवारी सकाळी पाणी गढूळ दिसणारच, त्यात मशीनचा दोष नाही. ते रोजच्या देखभालीपुरतं आहे. पार्टीनंतर क्लोरीनचे दाणे हाताने टाकावे लागतात, शिवाय फिल्टर काढून धुवायचा. फिल्टर तुंबला की ‘नो फ्लो’ (पाणी वाहत नाही) येतं, तेही लोक सेलच्या माथी मारतात.

मीठ खडे नको. मिठागराच्या मिठात मॅग्नेशियम-कॅल्शियम असतं, म्हणजे ज्याच्याशी भांडतोय तेच आपल्या हाताने ओतायचं. आयोडीनचं स्वयंपाकाचंही नको. पूलचं म्हणून मिळतं ते ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध असलेलं घ्या. पण आत्ता नाही, आत्ता तुमच्याकडे दोन किलो जास्तच आहे.