सत्तेबद्दल वाचताना 'नाही' कोण म्हणालं ते शोधा

यावेळी आलेली बरीच पत्रं राजकारणावर आणि वाचनावर आहेत, त्यातली पाच घेतलीयत. काही पत्रं फार लांब होती म्हणून प्रश्न थोडे कापलेत.

प्रश्न : ताई, वर्षभर राजकारण आणि सत्ता यावर वाचतोय. चाणक्य झाला, मॅकियाव्हेली झाला. निष्कर्ष एकच निघतोय की सत्तेत टिकायचं तर खोटं बोलावंच लागतं, माणसं वापरावी लागतात, चांगुलपणा म्हणजे दुबळेपणा. मित्र म्हणतात हेच प्रॅक्टिकल आहे. तुम्हाला पटतं का?

नाही पटत. पण आधी एक विचारते, अख्खी पुस्तकं वाचलीत की त्यातले निवडक कोट? कारण या दोघांच्या नावावर वाट्टेल ते खपतं. कौटिल्याचं अर्थशास्त्र शतकानुशतकं हरवल्यातच जमा होतं, 1905 साली त्याची हस्तलिखित प्रत म्हैसूरला आर. शामशास्त्रींच्या हाती लागली आणि 1909 मध्ये ते छापून आलं. 'चाणक्यनीती' म्हणून जी सुभाषितं फिरतात तो वेगळाच संग्रह आहे, आणि फोनवर फॉरवर्ड होणारी बरीचशी वाक्यं या दोन्हीत नाहीत.

अर्थशास्त्रात हेर आहेत, विषप्रयोग आहेत, फितुरी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच ग्रंथात राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडून दिलेत, झोपेला त्यातले जेमतेम दोन, आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायला दिवसाचा एक भाग राखून ठेवलाय, वर सांगितलंय की काम घेऊन आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नका. प्रजेच्या सुखात राजाचं सुख, हे तिथलंच. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार त्यात मोजून दिलेत आणि म्हटलंय की पाण्यातला मासा पाणी कधी पितो हे जसं कळत नाही तसंच अधिकारी पैसा कधी खातो हे कळत नाही. मला तर हे वाचताना सतत वाटतं की हा लेखक सत्तेवर भाळलेला नाहीये, तो तिच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा देतोय.

मॅकियाव्हेलीचं तर जास्तच वाईट झालंय. हा माणूस 1498 ते 1512 इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकात अधिकारी होता, म्हणजे एका राजाची चाकरी करत नव्हता. तिथे आधी सत्ता गाजवणारं मेडिची घराणं परत आलं, त्याची नोकरी गेली, 1513 मध्ये कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकून दोराला टांगून त्याचा छळ केला गेला, आणि सुटल्यावर गावाबाहेरच्या घरात बसून त्याने 'द प्रिन्स' लिहिलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की दिवसभराचे मातकट कपडे दारातच उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि रात्री चार तास जुन्या ग्रंथांतल्या माणसांशी बोलत बसतो, त्यांना विचारतो की तुम्ही असं का वागलात, आणि ती माणसं उत्तर देतात. वाचन कसं करावं यावर याहून सुंदर मी काही वाचलेलं नाही.

'साध्य चांगलं तर साधन कसंही चालेल' हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य 'द प्रिन्स'मध्ये त्या शब्दांत नाहीच. आणि तुमच्या मित्रांच्या 'प्रॅक्टिकल' बद्दल म्हणाल, तर त्या पुस्तकात ज्याला आदर्श म्हणून उभं केलंय तो सेझारे बोर्जा 1503 मध्ये वडील, म्हणजे पोप अलेक्झांडर सहावे, वारल्याबरोबर कोसळला आणि 1507 मध्ये मारलाही गेला. इतकी धूर्तता, इतका निर्दयपणा, आणि सगळं उभं होतं बापाच्या गादीवर.

मॅकियाव्हेलीचं दुसरं मोठं पुस्तक रोमन प्रजासत्ताकावर आहे, लिव्ही या इतिहासकाराचा आधार घेऊन लिहिलेलं. त्यात तो म्हणतो की रोममध्ये उमराव आणि सामान्य लोक यांच्यात जी सततची भांडणं चालायची त्यातूनच रोमचं स्वातंत्र्य टिकलं, कारण त्या भांडणांतून लोकांना ट्रिब्यून, म्हणजे त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी, मिळाले आणि ट्रिब्यून सत्ताधाऱ्यांचा निर्णय अडवू शकत. म्हणजे ज्याला सगळे कपटाचा गुरू समजतात त्याच माणसाचं म्हणणं आहे की जिथे नाही म्हणणारा कुणीतरी आहे ते राज्य जास्त मजबूत. हे पुस्तक घ्या हातात, मग बोलू.

प्रश्न : जास्त वाचणारा नेता चांगला राज्यकर्ता होतो असं म्हणतात ते खरं मानायचं का?

मला फार इच्छा आहे ते खरं असावं अशी, पण नाही. स्टालिनकडे हजारो पुस्तकं होती, तो शोभेसाठी ठेवत नव्हता, रंगीत पेन्सिली घेऊन समासात शेरे मारत मन लावून वाचायचा, इतिहास, मार्क्सवाद, कादंबऱ्या सगळं. आणि 1937-38 या दोन वर्षांत सोव्हिएत सरकारच्याच नोंदींप्रमाणे सहा लाखांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. वाचनाने त्याचा हात थांबवला नाही.

दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचा तुरुंग. तिथे सनी वेंकटरत्नम या कैद्याकडे शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा एक खंड होता, पहारेकऱ्यांनी जप्त करू नये म्हणून त्याने त्यावर दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवरची देवांची चित्रं चिकटवली आणि हा आमचा धर्मग्रंथ आहे असं सांगितलं. तो खंड कैद्यांमध्ये फिरला, ज्याने त्याने आपल्याला भावलेल्या ओळींपाशी सही केली. मंडेलांची सही 16 डिसेंबर 1977 ची आहे, ज्युलियस सीझर नाटकातल्या त्या ओळींपाशी, भित्रे लोक मरणाआधी कितीदा तरी मरतात. पुढे हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि राज्यघटनेप्रमाणे दुसरी टर्म मिळत असताना 1999 मध्ये एका टर्मनंतर बाजूला झाला.

दोघंही वाचणारे. फरक मला पुस्तकांत सापडत नाही, आजूबाजूच्या माणसांत सापडतो. मंडेलांच्या बरोबरीचे सहकारी होते, त्यांच्याशी वाद घालणारे, चुकलात म्हणून तोंडावर सांगणारे, तुरुंगातसुद्धा. स्टालिनच्या भोवतालचे तसे लोक एकेक करून संपवले गेले होते. मग हजारो पुस्तकं असली तरी ती वाचणारा एकटाच, त्याचा अर्थ चुकतोय असं सांगणारं खोलीत कुणी उरलेलं नाही.

आणि सत्ता माणसाला भ्रष्ट करते असं लिहिणारा इंग्रज इतिहासकार लॉर्ड अ‍ॅक्टन, तोही बघा. ते वाक्य 1887 च्या एका पत्रातलं आहे, पुढे बिशप झालेल्या क्रेटन यांना लिहिलेल्या, आणि वाद चालला होता इतिहास कसा लिहावा याचा. अ‍ॅक्टनचं म्हणणं की राजे आणि पोप यांना आपण सामान्य माणसापेक्षा सौम्य मापाने मोजतो ते चूक आहे, उलट सत्ता जितकी मोठी तितकं माप कडक हवं. किती बरोबर आहे हे! पण हाच प्रचंड वाचलेला माणूस अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा होता आणि 1866 मध्ये त्यांच्या सेनापतीला, रॉबर्ट ली यांना, त्यांच्या पराभवाचं दुःख झाल्याचं त्याने पत्राने कळवलंही होतं. म्हणून मी विद्वानांच्या वाक्यालाही शेवटचा शब्द मानत नाही.

प्रश्न : मोठी पुस्तकं वाचायला वेळ नाही, सारांश सांगणारे व्हिडिओ ऐकले तर चालतं का?

ओळख करून घ्यायला चालतं. पण सारांशात लेखक स्वतःशीच कुठे अडखळला, कुठे त्याने आधीचं म्हणणं मागे घेतलं, विरोधकाला किती जागा दिली, हे सगळं गळून जातं आणि सत्तेच्या बाबतीत शिकायचं तर तेच असतं. दहा सारांशांपेक्षा एक प्रकरण नीट वाचा.

प्रश्न : लहानपणापासून मी एका नेत्याला मानते, नाव मुद्दाम लिहीत नाही. आता त्यांच्यावर टीका करणारं पुस्तक हातात आलंय आणि ते उघडायची हिंमत होत नाहीये, आपण बेइमानी करतोय असं वाटतं. हे चूक आहे का?

तुमचं वाटणं अजिबात चूक नाही. ज्याच्यामुळे आपल्याला ताठ मानेने उभं राहता आलं त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटणारच, आणि ती वाटू नये असं सांगणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. पण पुस्तक उघडा.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं त्यात नेमकं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. देशासाठी आयुष्य वेचलेल्या थोर माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, असं ते म्हणाले, आणि जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा दाखला दिला की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असं त्यांनी बजावलं. विचार करा, हे कोण सांगतंय? लाखो लोक ज्याच्यासाठी जीव द्यायला तयार होते तो माणूस सांगतोय.

नेहरूंचं उदाहरण तर मला फारच आवडतं. नोव्हेंबर 1937 मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला, त्यात लिहिलं होतं की जवाहरलालसारख्या लोकप्रिय माणसापासून जपून राहा, तो स्वतःला लोकशाहीवादी म्हणवत असला तरी थोडी कळ फिरली की हुकूमशहा होऊ शकतो, त्याला पुन्हा काँग्रेस अध्यक्ष करू नका, आम्हाला सीझर नकोत. लेख स्वतः नेहरूंनीच लिहिलेला होता. याच नेहरूंच्या सरकारने 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावर घालता येणारी बंधनं वाढवली, हेही खरं, आणि ते आवडत नसलं तरी त्या लेखाच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

तर त्या पुस्तकातली टीका खोटी निघाली तर तुम्हाला कळेल कुठे खोटी आहे, खरी निघाली तर तुमच्या नेत्याचं जे चांगलं आहे ते तुम्ही जास्त नेमकेपणाने धरून ठेवाल. टीकाकारांमधला सगळ्यात समंजस आणि अभ्यासू निवडा मात्र, नुसतं चिखल उडवणारे वाचून काही हाती लागत नाही.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. सगळे म्हणतात एकट्या माणसाने विरोध करून काही होत नाही, सत्ता चिरडून टाकते. इतिहास वाचला तर मलाही तेच दिसतं. मग वाचून फायदा काय?

तुझ्या प्रश्नाने मला खूप वेळ विचारात पाडलं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

28 एप्रिल 1976. आणीबाणी चालू होती, हजारो लोक चौकशीशिवाय तुरुंगात होते, आणि सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता की आणीबाणीत अटक झालेला माणूस कोर्टात येऊन माझी अटक बेकायदा आहे असं म्हणू शकतो का. नऊ हायकोर्टांनी 'हो' म्हटलं होतं. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तरीही दाद मागता येणार नाही का, आणि उत्तर मिळालं की आणीबाणी आहे तोवर नाही. पाच न्यायाधीश होते. चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला, खन्ना एकटे विरोधात गेले. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने त्यांच्याकडे येणार होतं आणि हा निकाल लिहिला की ते जाणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून एम. एच. बेग यांना नेमलं, खन्नांनी राजीनामा दिला.

इथे थांबलीस तर तुझे मित्र बरोबर आहेत, एकटा माणूस चिरडला गेला. पण आपण बाहेर बसून वाचतोय, आपल्याला पुढची पानं उलटता येतात. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम 21, कोर्टात मागण्यापासून कुणाला रोखता येणार नाही. आणि 24 ऑगस्ट 2017 ला खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने 1976 चा तो बहुमताचा निकाल रद्दच ठरवला. तसं लिहिणारे न्यायमूर्ती डी. वाय. चंद्रचूड, आणि 1976 च्या त्या चौघांमध्ये त्यांचे वडील वाय. व्ही. चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षं लागली. ती फार मोठी आहेत, ज्यांचे दिवस तुरुंगात गेले ते कुणी परत दिले नाहीत, हे मी विसरत नाही. पण खन्नांनी त्या दिवशी आपलं मत लिहून ठेवलं नसतं तर पुढच्यांना बोट ठेवायला पानच नसतं.

आपल्याकडच्या दुर्गाबाई भागवत आठव. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीला उघड विरोध केला आणि तुरुंगात असताना आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी लोकांना प्रार्थनेला उभं केलं. पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं. त्यांच्या हातात ना पोलीस होते ना मतं, सभागृहात बसलेल्यांना मात्र कळलं की आपल्याला जे वाटतंय ते आपल्या एकट्याला वाटत नाहीये. भीती टिकते ती प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं म्हणून, त्यामुळे पहिला जो बोलतो त्याचं काम तो जिंकला की हरला यावर मोजायचं नसतं.

आता तुला काय वाचायचं ते सांगते. 1976 चा तो निकाल, ए. डी. एम. जबलपूर या नावाने ओळखला जातो, इंटरनेटवर पूर्ण मिळतो. भाषा कायद्याची आहे, हळूहळू जाईल, घाबरू नकोस. आधी बहुमतातल्या चौघांचं वाच, तेही हुशार आणि अनुभवी न्यायाधीश होते, त्यांनी कुठल्या कुठल्या वाजवी वाटणाऱ्या पायऱ्यांनी त्या टोकाला मजल मारली ते वहीत लिहून काढ. त्यानंतर खन्नांचं वाच आणि ते त्यातल्या कितव्या पायरीला अडून बसले ते शोध. सापडलं की मला लिहून पाठव, पुढच्या अंकात तुझं पत्र घेईन.