परिपाठ रटाळ होतोय, नंदुरबारच्या शाळेत नवीन काय करता येईल?

सुविचार आणि बातम्या दोन मिनिटांत उरका, पोरं तशीही ऐकत नाहीत. उरलेला वेळ एकाच विषयाला द्या, तोही गावातला. ९ सप्टेंबर जवळ आला की शिरीषकुमार घ्या: १९४२ साली नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात तो आणि त्याचे चार साथीदार गेले. भाषण नको, पाच पोरांनी पाच नावं घेऊन दोन-दोन वाक्यं बोलावीत, जमल्यास अहिराणीतून. लाजरी पोरंही मग तोंड उघडतात. शनिवारी विज्ञान: काठी रोवून सावली मोजायची, दर आठवड्याला त्याच वेळी. खर्च शून्य. पाहुणे वक्ते मात्र टाळा, उन्हात पोरांना चक्कर येते.