एमडी कारखान्याच्या खटल्यात कामगार भावाला शिक्षा झाली. अपिलाचा उपयोग होईल का?

तुमचा धाकटा भाऊ एमआयडीसीतील रसायनांच्या कारखान्यात मदतनीस होता, छाप्यात तेथे मेफेड्रोन म्हणजे एमडी सापडले, आणि विशेष न्यायालयाने मालकाबरोबर त्यालाही एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम २२(सी) (व्यापारी प्रमाणातील माल) व २९ (कट व साथ) खाली दहा वर्षांची सक्तमजुरी दिली, असे तुम्ही लिहिले आहे. मी फौजदारी अपिले चालवतो. तुमच्या भावाने उच्च न्यायालयात अपील करायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कोणत्या मुद्द्यावर उभे करायचे, याचा विचार आधी नीट व्हावा.

मुदत शिक्षेच्या आदेशापासून ६० दिवसांची असते. निकालाची नक्कल मिळेपर्यंत गेलेले दिवस त्यातून वगळले जातात आणि सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येते, आणि कैदेत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खटला सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेले उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच तुमच्यासाठी आहे.

आता मुख्य प्रश्न. त्या कारखान्यात एमडी तयार होत होते की नाही, यावर भांडण्यात तुमच्या भावाचा फारसा लाभ नाही. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण, म्हणजे सर्वांत कठोर शिक्षेचा टप्पा, ५० ग्रॅमपेक्षा अधिक मालाला लागू होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या हिरा सिंग निकालानुसार मिश्रणाचे संपूर्ण वजन धरले जाते, त्यामुळे प्रमाण कमी दाखवून शिक्षा घटवणेही कठीण असते. खरा वाद आहे तो जाणिवेचा. कलम ३५ आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे गृहीत धरते आणि कलम ५४ ताब्यातील मालावरून गृहीतक उभे करते. तथापि नूर आगा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने सिद्ध केली पाहिजेत, त्यानंतरच ओझे आरोपीवर जाते. म्हणून साक्षीपुरावा वाचताना असे विचारत जा: माल त्याच्या ताब्यात होता का, की तो केवळ आवारात हजर होता? कच्चा माल त्याच्या सहीने आला का? त्याला मिळणारा पगार मदतनिसाचा होता, की त्याहून विसंगत पैसे आले? मालकाशी झालेल्या फोनवरून कटाचा अर्थ निघतो, की तेवढे फोन कोणताही कामगार करतो? पिंपे हलवणाऱ्याला रिअ‍ॅक्टरमध्ये काय शिजते आहे हे माहीत असेलच, हे अनुमान निकालात पुराव्याशिवाय काढले गेले असेल, तर तुमच्या अपिलाचे मर्म तेथेच आहे.

त्याच्या तोंडी घातलेला कबुलीजबाबही तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये एनडीपीएसच्या तपास अधिकाऱ्यांपुढील कबुली पुराव्यात अग्राह्य ठरवली, आणि सहआरोपीची कबुली हा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही, हे १९६४ पासून ठरलेले आहे.

अनेक जण केवळ पंचनाम्यातील त्रुटींवर विसंबतात. कलम ४२ प्रमाणे मिळालेल्या खबरीची लेखी नोंद वेळेवर झाली का, कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर जप्त मालाचे नमुने घेतले का, जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत नमुन्यांची साखळी अखंड आहे का, हे जरूर पाहावे. पण झडतीपूर्वी आरोपीला त्याचा हक्क सांगण्याचे कलम ५० फक्त अंगझडतीला लागू होते, कारखान्याच्या झडतीला नाही, आणि ५२अ चा भंग एवढ्यावरच सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे.

अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो, कारण शिक्षा स्थगित करण्यास मनाई करणारा कलम ३२अ चा अडसर सर्वोच्च न्यायालयाने दादू प्रकरणात २००० मध्ये रद्द केला. तरीही जामिनासाठीच्या कलम ३७ च्या अटी लागू राहतात: आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार हवा, आणि तो जामिनावर असताना गुन्हा करण्याची शक्यता नाही अशी खात्री हवी. त्यामुळे जामीन अर्जातही वरचाच जाणिवेचा मुद्दा पुराव्याच्या पानांसह मांडा, आणि त्याने आधीच किती काळ तुरुंगात काढला आहे ते नमूद करा. हजेरीपट किंवा पगाराची नोंद खटल्यात दाखल झाली नसेल, तर अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करता येतो. तो सहज मान्य होत नाही, म्हणून ही कागदपत्रे आधी का आली नाहीत याचे कारण त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.