मुलगा ब्रश करू देत नाही, स्टिकरचा तक्ताही आठवड्यात बंद पडला. बिहेवियरल थेरपीने खरंच फरक पडतो का?

तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटतो, तक्ता आठवडाभर चालला आणि मग बंद. थेरपी घ्यावी का आणि कुणाकडे जावं, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. बिहेवियरल थेरपी म्हणजे वागणं लहान पायऱ्यांनी आणि बक्षिसाने बदलणं, तक्ता हाही तिचाच भाग. पण कुणाकडे जायचं ते नंतर बघू. आधी तो तक्ता का बंद पडला ते बघू, कारण तो बहुतेक घरांत एकाच पद्धतीने बंद पडतो आणि मग तक्त्याला नावं ठेवली जातात.

स्टिकर कशासाठी मिळत होता? 'दोन मिनिटं नीट ब्रश केला तर', असंच ना? जो मुलगा ब्रश ओठाला लावू देत नाही, त्याच्यासाठी दोन मिनिटं म्हणजे थेट दहावा मजला. मग स्टिकर मिळतच नाही, किंवा बिचारा रडला म्हणून दयेने मिळतो. दोन्हींचा परिणाम एकच, स्टिकरला अर्थ उरत नाही. वर बक्षीस रविवारी. साडेचार वर्षांच्या मुलाला रविवार कळतच नाही. स्टिकर ब्रश तोंडाबाहेर आल्यावर काही सेकंदांत हातात पडायला हवा, बाथरूममध्येच. आणि एकदा मिळालेला स्टिकर दंगा केला म्हणून काढून घ्यायचा नाही. तो काढला की तक्ता बक्षिसाचा न राहता धमकीचा होतो.

आता काम कसं करायचं ते. पहिले दोन-तीन दिवस पेस्ट नाही. ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग ओठाला लावून मोठ्याने तीन अंक मोजायचे, 'तीन' म्हटलं की ब्रश बाहेर, स्टिकर. संपलं. (आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही दंतवैद्यकातली १९५९ पासूनची पद्धत आहे, घरीही चालते.) पुढची पायरी वरच्या समोरच्या दातांची बाहेरची बाजू, पाच अंक. मग एका बाजूच्या दाढांचा चावायचा भाग, मग दुसरी बाजू. आतली बाजू सगळ्यात शेवटी, कारण तिथे जीभ आडवी येते आणि उमासा येतो. सलग तीन वेळा रडारड न होता झालं तरच पुढची पायरी. बिघडलं तर एकच पायरी मागे, पहिल्यापासून नाही.

सगळं फिसकटतं ते एका ठरावीक क्षणी. पाचवर थांबायचं ठरलेलं असतं, पोराने तोंड छान आ केलेलं असतं, आणि मोठ्या माणसाला मोह होतो की आता उघडलंच आहे तर दोन दाढाही उरकून घेऊ. त्या दोन दाढा आठवड्याची मेहनत घेऊन जातात. मुलाला आकड्यावर भरवसा बसत होता, तो गेला. पाच म्हणजे पाच.

हाच नियम उलटाही लागू. तीनवर रडायला लागला तर तिथे थांबायचं नाही, हलक्या हाताने चार, पाच म्हणायचं आणि मग ब्रश काढायचा. रडल्यामुळे ब्रश गेला, असं त्याला एकदा कळलं की रडणं हेच त्याचं हत्यार होतं. ते हत्यार चालेनासं झालं की रडणं आधी वाढतं, मग कमी होतं. पालक नेमके त्या वाढलेल्या टोकाला हार मानतात आणि मुलगा शिकतो की इतकं जोरात रडल्यावर सुटका होते. हात-पाय धरून जबरदस्ती करा असं मी म्हणत नाही. आकडा लहान ठेवा, म्हणजे तो पाळता येईल.

नकाराचं कारण दरवेळी हट्टच असतो असंही नाही. वरच्या ओठाच्या आत, समोरच्या दोन दातांच्या बरोबर वर एक पातळ पट्टी असते. ब्रशचं टोक तिला घासलं की कळ जाते. मूल ते सांगू शकत नाही, तोंड मिटतं. ओठ उचलून तर्जनी त्या पट्टीवर आडवी ठेवा आणि ब्रश बोटाखालून फिरवा. कित्येकदा अर्धं भांडण तिथेच मिटतं. दुसरं कारण पुदिन्याची पेस्ट. मुलं तिला 'तिखट' म्हणतात आणि त्यांचं खरंच असतं. सौम्य चवीची, पण फ्लोराइड असलेलीच घ्या, निदान १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग). तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. नंतर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. आणि समोर उभं राहून ब्रश करू नका. मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकलेलं असू द्या, म्हणजे आत दिसतंही आणि डोकं हलतही नाही.

'ब्रश करायचा का?' हा प्रश्न विचारूच नका. विचारलात की 'नाही' हे रास्त उत्तर ठरतं. 'वरचे आधी की खालचे?' असं विचारा.

आता बक्षीस म्हणजे लाच म्हणणाऱ्यांबद्दल. हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दरवेळी १९७३ चा तो प्रयोग पुढे केला जातो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढण्यासाठी आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर त्यांची चित्रांची आवड कमी झाली. प्रयोग खरा आहे. पण ती मुलं मुळात चित्रांची आवड बघूनच निवडली होती! दात घासण्याची उपजत आवड कुठल्या मुलाला असते, जी स्टिकरने मरेल? लाच ती, जी रडणं थांबवण्यासाठी रडणं सुरू झाल्यावर देऊ केली जाते. आधी ठरलेलं, केलेल्या कामाचं मिळतं ते बक्षीस. खाऊ मात्र नको, हे सांगायला नको. आजची गोष्ट कुठली किंवा दिवा कोण घालवणार, हे ठरवायचा मान पुरतो. दोन-तीन आठवड्यांनी स्टिकर दरवेळी न देता अधूनमधून द्या, कौतुक चालू ठेवा. आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. २०१० मध्ये छापून आलेल्या लंडनच्या अभ्यासात निम्म्या मोठ्या माणसांना ६६ दिवसांपर्यंत लागले होते, निम्म्यांना त्याहून जास्त, कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फार बिघडलं नव्हतं.

दुसरा वाद माझ्याच व्यवसायातल्या, दंतवैद्यकातल्या मंडळींशी. ते म्हणतात, 'माहितीपत्रक दिलं, समजावलं, पुढे पालकांची जबाबदारी.' कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पंजाबी मातांच्या २४० तान्ह्या मुलांवरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पत्रक आणि व्हिडिओ, दुसऱ्या गटाला त्यासोबत आईशी एकदा सविस्तर बोलणं आणि वर्षभरात सहा फोन. त्या बोलण्यात उपदेश नव्हता. तुम्हाला काय जमेल ते तुम्हीच निवडा, असा सूर होता. वर्षाने नव्याने किडलेल्या जागांची सरासरी पत्रकवाल्यांत १.९१, बोलणं झालेल्यांत ०.७१. बदल घडवायचा असतो तो ब्रश धरणाऱ्या हातात, मुलात नंतर.

कुणाकडे जावं, हा तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. आधी बालदंतवैद्याकडे जा आणि कीड, हिरडीची सूज नाही ना ते बघून घ्या. दुखणाऱ्या दातावर ब्रश फिरवून कुठलीही थेरपी चालणार नाही. आणि वरच्या पायऱ्यांच्या दिवसांत दात अर्धवटच साफ होतात. कीड आधीच असेल तर तेवढा वेळ हातात नसतो, तेव्हा फ्लोराइड वार्निशबद्दल (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) तिथेच विचारा. केस कापणं, नखं काढणं, नवा कपडा यांनाही असाच कडाडून विरोध असेल, किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमायला मदत करणारा तज्ज्ञ) किंवा बालमानसतज्ज्ञ लागेल. पायऱ्या याच, पण खूप बारीक.

'दुधाचेच दात, पडणारच आहेत' असं घरात कुणी म्हणत असेल तर सांगा की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे कायमची दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. तीही याच ब्रशच्या भरवशावर असते. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

सुरुवात रात्रीच्या ब्रशपासून करा; झोपेत लाळ कमी होते, म्हणून तोच जास्त महत्त्वाचा. पहिले दोन आठवडे तो एकाच माणसाने करावा. ते जमत नसेल तर आज आकडा कितीपर्यंत आहे, हे तक्त्यावरच लिहून ठेवा, म्हणजे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे पंधरा होणार नाहीत.